मुक्या मारावर घरचा आंबेहळदीचा लेप लावावा की बाजारातील वनौषधी मलम?

उंबरठा

नमस्कार. माझी आई ७२ वर्षांची आहे. परवा रविवारी सकाळी तुळशीला पाणी घालताना अंगणातल्या शेवाळलेल्या फरशीवरून तिचा पाय घसरला आणि उजवी नडगी पायरीच्या कडेवर आपटली. कातडी कोठेही फाटलेली नाही. ती घरात चालते, जिना मात्र कठड्याला धरून चढते. नडगीच्या मध्यावर लिंबाएवढे टेंगूळ आले असून त्याच्याभोवती तळहाताएवढा भाग काळानिळा पडला आहे.

आमच्या घरी मुका मार लागला की आंबेहळद, तुरटी आणि रक्तचंदन सहाणेवर उगाळायचे, पळीत कोमट करायचे आणि जाडसर लेप घालायचा, ही माझ्या आजीपासूनची रीत आहे व आईची भिस्तही त्याच लेपावर आहे. माझी बहीण मात्र दोन वस्तू घेऊन आली आहे. एक म्हणजे अर्निका नावाची युरोपातली वनस्पती, कोरफड आणि हळद यांचा अर्क असलेले मलम, आणि दुसरी गंधपुऱ्याच्या तेलाची बाटली, जे तेल जोरात चोळल्यास साकळलेले रक्त मोकळे होते असे तिला कोणीतरी सांगितले आहे. शेजारच्या काकूंनी हळद आणि चुना एकत्र करून लावण्यास सुचवले. आई सगळ्यांना हो म्हणते, त्यामुळे निर्णय माझ्यावर येऊन पडला आहे.

आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. दोन वर्षांपूर्वी आईची अँजिओप्लास्टी झाली असून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या तिला रोज चालू आहेत. शिवाय आज सकाळी तिचा घोटाही निळसर दिसू लागला, वास्तविक तेथे मार लागलेलाच नाही. यांपैकी काय लावावे, केव्हा लावावे, आणि घोट्याच्या निळेपणाची काळजी करावी का, हे जाणकारांनी सांगावे.

चौथा मजला

मी ३१ वर्षे परिचारिका म्हणून काम केले आणि त्यांतील बराच काळ अपघात विभागात गेला, म्हणून लेपाकडे वळण्याआधी एक विचारते. पडताना आईंचे डोके कोठे आपटले होते का? रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वयस्कर माणसाला डोक्याला हलकासा मार लागला, तरी आत रक्तस्राव होण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो आणि तो काही तासांनीही उघडकीस येतो. पायाचे टेंगूळ दिसते, म्हणून सगळ्यांचे लक्ष तिकडे जाते. डोके आपटले असेल, तर हा चर्चेचा धागा बंद करून आधी रुग्णालय गाठावे.

आता घोट्याविषयी. तेथे नवे काही झालेले असण्याची शक्यता कमी आहे. कातडीखाली सांडलेले रक्त गुरुत्वाकर्षणाने उतारावर जाते. कपाळाला मार लागला की दुसऱ्या दिवशी डोळ्यांखाली काळे पडते, तसेच नडगीचे रक्त घोट्यापर्यंत उतरते. पुढे त्याचे रंगही बदलतील, कारण रक्तातील हिमोग्लोबिनचे विघटन होताना आधी हिरवट, मग पिवळे आणि शेवटी तपकिरी रंगद्रव्य तयार होते. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर या छटा पुस्तकातील चित्राइतक्या स्पष्ट दिसत नाहीत, केवळ काळपटपणा कमी होत गेलेला दिसतो. साधा मुका मार दोन आठवड्यांच्या आसपास ओसरतो. तुमच्या आईंना थोडा अधिक काळ लागू शकेल.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, सांडलेले रक्त साफ करण्याचे काम शरीरातील पेशी करतात. कोणतेही मलम आत शिरून ती गाठ विरघळवीत नाही आणि जोरात चोळल्याने तर उलट घडते. ज्या बारीक रक्तवाहिन्यांची तोंडे नुकतीच बंद होऊ लागलेली असतात, ती चोळण्याने पुन्हा उघडतात. मांडीसारख्या मोठ्या स्नायूला मार लागल्यावर वारंवार रगडत राहिल्याने त्या जागी स्नायूत हाडासारखा कठीण भाग तयार होऊ शकतो. म्हणून पहिले दोन दिवस चोळणे नाही, शेकणे नाही आणि गरम लेपही नाही. बर्फाचे तुकडे पंचात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावेत, दोन-तीन तासांनी पुन्हा ठेवावेत, आणि पाय उशांवर घेऊन छातीच्या पातळीपेक्षा वर ठेवावा. बर्फ थेट कातडीवर ठेवू नये. वयस्करांची नडगीवरची कातडी कागदासारखी पातळ असते.

त्या पातळ कातडीमुळेच मला तुमच्या टेंगळाची चिंता वाटते. नडगीवर कातडी आणि हाड यांच्यामध्ये मांस जवळजवळ नसतेच. तेथे रक्ताची गाठ मोठी झाली, तर ती वरच्या कातडीला ताणते, कातडीचा रक्तपुरवठा कमी पडतो आणि ती जागा काळी पडून मरते. गोळ्या चालू असलेल्या वृद्धांमध्ये हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि अशा वेळी वर लेपाचा थर असला की आत काय चालले आहे ते कळायलाच उशीर होतो. शिंप्याचा टेप घेऊन टेंगळाच्या पातळीवर पोटरीचा घेर मोजा, निळ्या भागाच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा आणि सकाळ-संध्याकाळ पाहा. घेर वाढत असेल, रेघ ओलांडली जात असेल, टेंगळावरची कातडी ताणून चकाकू लागली असेल, पाऊल बधिर किंवा थंडगार पडत असेल, किंवा बोटे हलवताना पोटरीत असह्य दुखत असेल, तर त्याच क्षणी निघावे. यांतील काहीही नसले, तरी ७२ वर्षे वय आणि दोन गोळ्या या दोन कारणांसाठी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नडगीच्या हाडावरून बोट फिरवताना एखाद्या ठिकाणी कळ येत असेल, तर क्ष-किरण तपासणीही होऊन जाईल.

गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. निळे डाग पाहून घरचे लोक परस्पर गोळी थांबवतात आणि स्टेंटमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीच्या नळीत, गुठळी होऊन रुग्ण परत येतो. दुखण्यासाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक यांसारखी गोळीही औषधाच्या दुकानातून आणू नये. पॅरासिटामॉल चालते, पण तेही डॉक्टरांना विचारून घ्यावे.

गंधपुऱ्याचे तेल आईंच्या बाबतीत सरळ बाजूला ठेवावे. त्यातील मुख्य घटक मिथाइल सॅलिसिलेट हा ॲस्पिरिनचा जवळचा नातेवाईक असून तो कातडीतून रक्तात शोषला जातो. वॉरफॅरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्या रुग्णांमध्ये तो मोठ्या भागावर चोळल्याने रक्त धोकादायक पातळीपर्यंत पातळ झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. तुमच्या आईंच्या गोळ्या वेगळ्या असतील, पण आधीच दोन गोळ्या चालू असताना तिसरा भिडू कशाला घ्यायचा? घरात लहान मूल असेल, तर ती बाटली त्याच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. या तेलाच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, सुमारे ७ ग्रॅम सॅलिसिलेट असते. ॲस्पिरिनच्या वीसपेक्षा जास्त मोठ्या गोळ्या एकदम पोटात जाण्यासारखे ते आहे, आणि तेवढ्याने लहान मूल दगावू शकते.

सहाणखोड

वरील प्रतिसाद अत्यंत नेमका आहे आणि मी आयुर्वेदाचा वैद्य असूनही त्यातील क्रमाशी सहमत आहे. प्रथम रुग्ण पाहावा, मग लेप. आमच्याकडे येणारे बरेच लोक मात्र लेप घालूनच येतात आणि मग हळदीने पिवळ्या, रक्तचंदनाने तांबड्या झालेल्या कातडीखालचा खरा रंग ओळखण्यासाठी आम्हाला आधी पाय धुवावा लागतो. म्हणून ज्या दिवशी डॉक्टरांकडे जायचे असेल, त्या दिवशी लेप घालू नये.

आजीबाईंच्या लेपाविषयी मला आदर आहे, पण तो कसा घालायचा हे घराघरांतून विसरले गेले आहे. लेप सुकून त्याला भेगा पडल्या आणि कातडी ओढली जाऊ लागली की तो ‘लागू पडला’, असे मानण्याची पद्धत आहे. सुश्रुत संहितेत याच्या नेमके उलट सांगितले आहे. लेप ओल्या म्हशीच्या कातड्याच्या जाडीचा असावा, तो लवांच्या उलट दिशेने लावावा, सुकू लागताच काढून टाकावा आणि रात्री घालू नये. सुकलेला लेप ओरबाडून काढताना लव उपटली जाते आणि वृद्धांची कातडी सोलवटते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. कोमट पाण्याने भिजवून, मऊ पडल्यावर कापसाने टिपून काढावा.

आता घटकांविषयी. आंबेहळदीचे कांड तोडले की कैरीसारखा वास येतो. दुकानात कांडच मागावे, पूड घेऊ नये, कारण हळदीच्या पुडीत रंगाची भेसळ होते व तो रंग अंगावर उठू शकतो. सहाणेवर थोडे पाणी घेऊन कांड उगाळले की पहिल्या काही फेऱ्यांत फिकट पाणीच येते आणि मग साय धरावी तसा घट्ट गंध जमू लागतो. त्यात तुरटीचा खडा दोन-तीन वेळाच फिरवावा. तुरटी आकुंचक आहे, त्यामुळे दाढी करताना कापले तर रक्त थांबवते. परंतु अखंड कातडीच्या खालच्या वाहिन्यांपर्यंत तिचा प्रभाव पोहोचत नाही, आणि जास्त तुरटीने कातडी कोरडी पडून फुटते. रक्तचंदन थंड आहे व दाहावर चांगले. मार जुना असेल तर काहीजण त्यात एळ्या, म्हणजे काळा बोळ, घालतात. औषधाच्या दुकानात मिळणारी लेपगोळी ही साधारण याच घटकांची बांधलेली वडी असते.

याने किती गुण येतो? माझ्या अनुभवात ताण आणि ठणका कमी होतो, रुग्णाला झोप लागते आणि पाय एका जागी ठेवला जातो, कारण लेप घातलेले माणूस हिंडत नाही. (हा शेवटचा गुण मी कोणत्याही ग्रंथात वाचलेला नाही.) टेंगूळ लेपामुळे किती दिवस लवकर उतरले, हे मी सांगू शकणार नाही. तुमच्या आईंसाठी तिसऱ्या दिवसापर्यंत काही घालायचेच झाले, तर थंड पाण्यात उगाळलेला पातळ रक्तचंदनाचा लेप टेंगूळ सोडून बाजूच्या भागावर घालावा. सूज स्थिर झाली आणि डॉक्टरांनी हरकत नाही म्हटले, तर पुढे आंबेहळदीचा कोमट लेप अर्धा-पाऊण तास ठेवण्यास अडचण नाही. कोमट म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवून पाहिल्यावर चटका न बसणारा. मधुमेह असल्यास पायाची संवेदना कमी असू शकते, म्हणून ही परीक्षा आईंच्या नडगीवर न करता आपल्या मनगटावर करावी. तरुण माणसाच्या जुन्या मुरगळीला मी निर्गुडीचा पाला तव्यावर परतून, फडक्यात बांधून शेक देण्यास सांगतो. तुमच्या आईंना तो इतक्यात सांगणार नाही.

चुना मात्र अजिबात नको. हळदीत चुना पडला की कुंकवासारखा लाल रंग येतो आणि लोकांना त्यात औषधी तेज दिसते. हळदीतील रंगद्रव्य क्षारात लाल होते, एवढाच त्याचा अर्थ. चुना दाहक आहे, आणि आधीच ताणलेल्या कातडीवर तो फोड आणतो. याच कारणाने बिब्याचा उल्लेख कोणी करण्याआधीच मी नाही म्हणून ठेवतो.

बांधावरून

वैद्यबुवांनी बिब्याचे नाव काढलेच आहे, तर सांगतो. चार वर्षांपूर्वी माझा घोटा मुरगळला, तेव्हा आमच्या गड्याने बिबा तापवून त्याच्या तेलाचे ठिपके दिले. तिसऱ्या दिवशी बिबा उतला, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत फोड आले आणि मुरगळीचे दुखणे मी विसरूनच गेलो. मुरगळ आठवड्यात बरी झाली, बिब्याचे डाग अजूनही आहेत.

पण माझा मुद्दा अर्निकाविषयी आहे. मला गाजरगवताची ॲलर्जी आहे. उन्हाळ्यात बांधावरून नुसते चालत गेलो, तरी मान आणि कोपराच्या खोबणी लाल होऊन खाजतात. मध्यंतरी खांद्याला मार लागला म्हणून अर्निकाचे मलम लावले, तर दुसऱ्या दिवशी तेथे तशीच खाज आणि पुरळ उठले. त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले की अर्निका, गाजरगवत, झेंडू, शेवंती आणि सूर्यफूल ही सगळी एकाच कुळातील झाडे असून त्यांच्यातील काही द्रव्ये एकमेकांशी मिळतीजुळती असतात, त्यामुळे एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याचीही होऊ शकते. पुण्याकडे १९५५ च्या सुमारास प्रथम नोंदलेले हे गवत आज राज्यभर पसरले आहे, आणि शेतावर वावरणाऱ्या कितीतरी लोकांना त्याचा त्रास आहे. तुमच्या आईंना शेवंतीची वेणी माळल्यावर मान खाजण्याचा अनुभव असेल, तर मलम लावण्याआधी तो आठवावा. काहीही असो, मलमाचा एक ठिपका हाताच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबावे.

इझारच्या काठी

मी म्युनिकमध्ये राहते. येथे अर्निका घराघरांत असते, कारण ती आल्प्सच्या कुरणांत वाढणारी पिवळ्या फुलांची वनस्पती आहे, आणि मुलगा सायकलवरून पडला की शेजारीणबाई प्रथम तेच मलम पुढे करतात. भारतात अर्निका म्हटले की होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या आठवतात. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गोळ्यांमध्ये मूळ द्रव्य इतके विरळ केलेले असते की ते जवळजवळ उरतच नाही, तर मलमात फुलांचा प्रत्यक्ष अर्क असतो. तो अर्क पोटात गेला तर विषारी आहे आणि फुटलेल्या कातडीवर लावायचा नसतो, ही सूचना येथील प्रत्येक नळीवर छापलेली असते. हाताच्या सांध्यांच्या दुखण्यावर अर्निका जेल उपयोगी ठरल्याचा अभ्यास आहे. निळे डाग लवकर जातात का, याविषयीचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत.

येथे मुरगळीवर आणखी एक मुळी प्रसिद्ध आहे, तिला जर्मनमध्ये बाइनवेल आणि इंग्रजीत कॉम्फ्रे म्हणतात. मुरगळलेल्या घोट्याचे दुखणे आणि सूज तिच्या मलमाने कमी होते, हे चांगल्या चाचण्यांत दिसले आहे. वनौषधी मलमांत एवढा आधार फारच थोड्यांना आहे. तरीही तिच्यात यकृताला अपायकारक असे अल्कलॉइड असल्यामुळे ती फक्त अखंड कातडीवर आणि मोजके दिवसच वापरतात. ‘वनस्पतीपासून बनलेले’ आणि ‘निर्धोक’ हे दोन शब्द माझ्या आईच्या बोलण्यात नेहमी एकत्र येत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

चौथा मजला

मलमाच्या नळीविषयी एक राहिले. उंबरठा, तुमच्या बहिणीने आणलेल्या मलमावर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत संपण्याची तारीख आणि घटकांची पूर्ण यादी आहे का, ते भिंगातून वाचून काढा. यादीच्या शेवटी मेंथॉल किंवा कापूर असेल, तर लावताच जो गारवा वाटतो तो त्यांचा असतो. कातडीतील थंडी ओळखणारी चेतातंतूंची टोके मेंथॉलने जागी होतात, तापमान मात्र उतरत नाही, आणि म्हणून ते बर्फाची जागा घेऊ शकत नाही. जत्रेत किंवा समाजमाध्यमांवर विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ डब्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते, आणि ते दीर्घकाळ लावल्यास कातडी आणखी पातळ होते. तुमच्या आईंना तेच सर्वांत महागात पडेल.

उंबरठा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आईचे डोके आपटलेले नाही, हे मी तिला तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारून खात्री करून घेतली. मंगळवारी संध्याकाळीच आमच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी टेंगूळ दाबून पाहिले, क्ष-किरण काढला, हाड शाबूत आहे. कातडी ताणलेली नाही, त्यामुळे काही कापाकापी लागणार नाही, पण पाय वर ठेवणे आणि दर दोन दिवसांनी दाखवणे आवश्यक आहे, असे ते म्हणाले. गोळ्या आहेत तशाच चालू ठेवण्यास सांगितले आहे. बॉलपेनची रेघ पाहून त्यांनी ती कोणी ओढली असे विचारले, तेव्हा मी या धाग्याविषयी सांगितले.

पोटरीचा घेर मंगळवारी साडेतेहतीस सेंटिमीटर होता, आज, म्हणजे पडल्यापासून नवव्या दिवशी, बत्तीस आहे. डाव्या पायाचा साडेएकतीस भरतो. घोट्याजवळचा निळेपणा आता शेवाळी दिसतो. अर्निकाचे मलम लावले नाही, कारण नळीवर घटकांची यादी होती, पण परवाना क्रमांक कोठेच सापडला नाही. डॉक्टरांच्या संमतीने कालपासून आंबेहळदीचा लेप दुपारी अर्धा तास, टेंगूळ सोडून घालते आहे. तो सुकण्याआधी धुऊन टाकते, याचा आईला थोडा राग आहे, कारण तिच्या मते काम तर आता कोठे सुरू झालेले असते.

गंधपुऱ्याची बाटली बहिणीला परत दिली. तिचा धाकटा मुलगा तीन वर्षांचा आहे आणि ती बाटली आतापर्यंत त्यांच्या दूरदर्शन संचाखालच्या उघड्या कप्प्यात असायची. तिला चमच्याचा हिशेब वाचून दाखवला, तेव्हा तिने काही न बोलता ती पर्समध्ये घातली आणि रात्री फोन करून सांगितले की बाटली आता माळ्यावर, कुलपाच्या पेटीत आहे.